विशेष शाळेनंतर महाविद्यालय : बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलामुलींच्या पुढील शिक्षणाचे नियोजन कसे करावे

महाराष्ट्रातील विशेष शाळेत शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला अठरा वर्षे पूर्ण झाली की शाळेचा निरोप घ्यावा लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ ने लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्व, असलेल्या प्रत्येक बालकाला ६ ते १८ वर्षे या वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यापुढे काय, असे विचारणाऱ्या पालकांना मात्र बहुतेक ठिकाणी दोनच उत्तरे मिळतात: कर्मशाळेत घाला, नाहीतर घरी सांभाळा. महाविद्यालय हे तिसरे उत्तर फारसे कोणी देत नाही, आणि ज्या थोड्या घरांत ते सुचते तिथेही ‘आपल्याकडे तशी सोय नाही’ एवढ्यावर विषय संपतो. सोय अपुरी आहे हे खरे. तरीही मुक्त शिक्षण, अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आणि कायद्याने दिलेल्या सवलती यांची नीट जुळणी केली तर वाट निघते. ती कशी काढायची, हे प्रामुख्याने महाराष्ट्रातील पालक आणि विशेष शिक्षक डोळ्यांसमोर ठेवून येथे मांडले आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. पदवी मिळवणे हे या शिक्षणाचे एकमेव फळ मानले तर बहुतेक मुलांच्या वाट्याला निराशा येईल. वेळेवर निघणे, अनोळखी माणसांत वावरणे, स्वतःची वही स्वतः सांभाळणे, मैत्री करणे आणि ती मोडली तरी सावरणे, हे सगळे आपली इतर मुले महाविद्यालयाच्या वयात शिकतात. ते शिकण्याची गरज बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणाला इतरांहून जास्त असते, आणि संधी मात्र सर्वांत कमी मिळते. म्हणून अभ्यासक्रम निवडताना माझा पहिला प्रश्न ‘हा पास होईल का’ असा नसतो. ‘तीन वर्षांनी हा कोणकोणत्या गोष्टी कोणाच्या मदतीशिवाय करील’ असा असतो. पुढची प्रत्येक निवड याच प्रश्नावर तपासून पाहावी.

तयारी चौदाव्या वर्षी सुरू करावी

अठराव्या वर्षी धावपळ करण्यात अर्थ नाही, कारण तोवर दहावीचा मार्ग ठरवायची वेळ निघून गेलेली असते. मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले की विशेष शिक्षक, पालक आणि शक्य असल्यास मानसशास्त्रज्ञ यांनी एकत्र बसून पुढच्या पाच-सहा वर्षांचा आराखडा लिहून काढावा. या बैठकीत मूल स्वतः हजर असावे. त्याला काय आवडते, कोणत्या कामाचा कंटाळा येतो, गर्दी आणि आवाज कितपत सहन होतो, हे त्याच्याच तोंडून किंवा वागण्यातून कळते; बुद्ध्यंकाच्या आकड्यातून कळत नाही. सारख्याच बुद्ध्यंकाची दोन मुले असतात. त्यातले एक दिवसभर नेटाने टायपिंग करते आणि दुसऱ्याला दहा मिनिटे खुर्चीत बसणे जड जाते, पण ते बागेत तासन्‌तास रमते.

अभ्यासाच्या जोडीने स्वावलंबनाची तयारी चालू ठेवावी. प्रवासाचे उदाहरण घेऊ. पहिल्या आठवड्यांत पालक मुलाच्या शेजारी बसून प्रवास करतात आणि थांब्यांवरच्या ठळक खुणा, म्हणजे पेट्रोल पंप, देऊळ, उड्डाणपूल, दाखवतात. मग त्याच बसमध्ये पालक दोन बाकडी मागे बसतात आणि तिकीट मुलगाच काढतो. त्यानंतर पालक थांब्यावर सोडतात आणि उतरण्याच्या ठिकाणी दुसरे कोणी उभे राहते. अखेर तो एकटा जातो आणि पोहोचल्यावर फोन करतो. बस चुकली, रस्ता बंद आहे, मोबाइलची बॅटरी संपली, असे प्रसंग मुद्दाम घडवून त्यांचाही सराव करावा. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. तिचे ओळखपत्र दाखवणे आणि वाहकाशी नीट बोलणे हासुद्धा या सरावाचाच भाग. पैशांचे व्यवहार, घड्याळ आणि वेळापत्रक, मोबाइलवरचे संदेश वाचणे, औषधे स्वतः घेणे आणि ‘मला समजले नाही, परत सांगा’ हे वाक्य न लाजता म्हणणे, या गोष्टीही अशाच टप्प्याटप्प्याने शिकवता येतात. यांतले शेवटचे वाक्य महाविद्यालयात सर्वांत उपयोगी पडते.

कागदपत्रे

प्रवेशाच्या वेळी सर्वाधिक अडचणी कागदांच्या येतात, आणि त्या बहुतांशी टाळता येण्यासारख्या असतात. पहिले काम दिव्यांगत्व प्रमाणपत्राचे. ते आता केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावरून अर्ज करून, जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी करून मिळते, आणि त्याबरोबरच यूडीआयडी म्हणजे वैश्विक ओळखपत्र तयार होते. बौद्धिक अक्षमतेसाठी बुद्धिमापन आणि सामाजिक परिपक्वतेची चाचणी घेतली जाते. सौम्य अक्षमतेला ५० टक्के, मध्यम अक्षमतेला ७५ टक्के आणि तीव्र अक्षमतेला ९० टक्के असे प्रमाण धरण्याची पद्धत आहे. कायद्यातील बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून पुढे लागू होतात, त्यामुळे सौम्य अक्षमता असलेले मूलही त्यांत बसते. सीमारेषेवरच्या मुलाला मात्र २५ टक्केच मिळतात आणि ते सवलतींच्या बाहेर राहते. अशा मुलाला विशिष्ट अध्ययन अक्षमता किंवा स्वमग्नता आहे का, याची वेगळी तपासणी अवश्य करून घ्यावी.

लहानपणी काढलेले प्रमाणपत्र बहुधा मुदतीचे असते. मुदत कधी संपते ते पाहून, दहावीचा परीक्षा अर्ज भरण्याच्या आधीच नूतनीकरण उरकावे. जुन्या प्रमाणपत्रांवर ‘मतिमंद’ असा शब्द असतो. नव्या नोंदीत ‘बौद्धिक अक्षमता’ असा येतो. आधार कार्ड, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि यूडीआयडी या चारही कागदांवर नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर सारखी हवी. एका काना-मात्रेच्या फरकाने शिष्यवृत्तीचा अर्ज अडकल्याची उदाहरणे कोणत्याही महाविद्यालयाच्या कार्यालयात ऐकायला मिळतील. आधारचे बोटांचे ठसे वयाच्या पंधराव्या वर्षी अद्ययावत करावे लागतात, तेही राहून जाते.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर कायद्याच्या दृष्टीने मूल सज्ञान होते आणि आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. पण तो सरसकट प्रत्येकाने करावा असे मला वाटत नाही. जो तरुण सही करू शकतो, समजावून सांगितल्यावर निर्णय घेऊ शकतो, त्याच्या वतीने सगळे अधिकार दुसऱ्याच्या हाती देण्याआधी थांबून विचार करावा. २०१६ च्या कायद्याच्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची, म्हणजे ठरावीक निर्णयांपुरती आणि व्यक्तीशी सल्लामसलत करून मदत देण्याची, तरतूद आहे. महाविद्यालयाच्या अर्जावर विद्यार्थ्याची स्वतःची सही लागते. ती स्थिर आणि सारखी यावी यासाठी आधी वर्षभर रोज सराव करून घ्यावा.

दहावीचा टप्पा

महाविद्यालयाचे बहुतेक दरवाजे दहावीच्या प्रमाणपत्राने उघडतात, म्हणून या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा. नियमित शाळेत शिकणारे मूल राज्य मंडळाची परीक्षा सवलतींसह देऊ शकते. शाळेबाहेर राहून १७ नंबरचा फॉर्म भरण्याचीही सोय आहे. तरीही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो, आणि त्याची कारणे ठोस आहेत.

येथे एकाच वेळी सगळे विषय द्यावे लागत नाहीत. एकदा केलेली नोंदणी ५ वर्षे चालते आणि त्या काळात परीक्षेच्या ९ संधी मिळतात. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोन परीक्षा होतात, आणि एका वेळी एकच विषय दिला तरी चालतो. ज्या विषयात यश मिळाले त्याचे गुण जमा राहतात. प्रमाणपत्रासाठी ५ विषय उत्तीर्ण व्हावे लागतात आणि त्यात किमान एक भाषा असावी लागते. गणित आणि विज्ञान सक्तीचे नाहीत. त्यांच्या जागी चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री, भारतीय संस्कृती आणि वारसा असे विषय घेता येतात. दहावीसाठी मराठी माध्यम उपलब्ध आहे, आणि महाराष्ट्रासाठीचे विभागीय केंद्र पुण्यात आहे. वयाची किमान अट दहावीसाठी १४ वर्षे आहे. दहावी आणि बारावीच्या प्रमाणपत्रांत २ वर्षांचे अंतर लागते, हेही नियोजनात धरावे. ज्या मुलांना थेट दहावी झेपणार नाही त्यांच्यासाठी एनआयओएसचे मुक्त मूलभूत शिक्षण आहे. त्याचे तीन स्तर तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे असतात. आठवीचे प्रमाणपत्र कमी लेखू नये, कारण पुढे दिलेले काही व्यवसाय अभ्यासक्रम त्यावरच सुरू होतात.

विषय निवडताना पुढचा मार्ग डोळ्यांसमोर हवा. गणित-विज्ञान सोडले तर कला शाखेला अडचण येत नाही, पण आयटीआयच्या काही व्यवसायांना हे विषय दहावीत असावे लागतात. पहिल्या परीक्षेला एकच विषय बसवावा, आणि तो मुलाच्या सर्वांत आवडीचा असावा. त्यात मिळालेले यश पुढच्या दोन वर्षांचा अभ्यास ओढून नेते.

येथे एक इशारा द्यावाच लागतो. ‘शंभर टक्के पास करून देतो, मुलाला आणायचीही गरज नाही’ असे सांगणारे क्लास गावोगावी आहेत. काही जण अस्तित्वात नसलेल्या किंवा मान्यता नसलेल्या मंडळांची प्रमाणपत्रेही विकतात. असा कागद पुढच्या प्रवेशाच्या पडताळणीत बाद होतो, आणि त्याहून मोठे नुकसान म्हणजे त्या मुलाची शिकण्याची वर्षे हातची जातात. मंडळाची मान्यता स्वतः तपासावी, शुल्क मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरावे आणि परीक्षेला मूल स्वतः बसेल याबद्दल तडजोड करू नये.

दहावीनंतरचे मार्ग

येथून वाटा फुटतात, आणि कोणतीही एक वाट सर्वांसाठी श्रेष्ठ नाही.

सौम्य अक्षमता असलेल्या आणि वाचन-लेखन बऱ्यापैकी जमणाऱ्या विद्यार्थ्याला अकरावी-बारावी करून पदवीला जाता येते. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये २०१६ च्या कायद्याच्या कलम ३२ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, आणि प्रवेशाच्या कमाल वयात ५ वर्षांची सूट आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात पदवी अभ्यासक्रमाला मधूनच बाहेर पडण्याची सोय झाली आहे. पहिल्या वर्षाची ठरलेली श्रेयांके (क्रेडिट) आणि त्याबरोबर ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा कार्यानुभव पूर्ण केला तर प्रमाणपत्र मिळते, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी. आपल्या मुलांच्या दृष्टीने हा बदल फार मोलाचा आहे. पूर्वी दुसऱ्या वर्षी गाडी अडली की हाती काहीच राहत नसे. आता एक वर्ष नीट पूर्ण करणे हेच स्वतंत्र ध्येय ठरवता येते. वैकल्पिक विषयांमध्ये प्रात्यक्षिकाचा, संगीताचा, योगाचा किंवा खेळाचा पर्याय असेल तर तो आधी पाहावा.

ज्याला रोज वर्गात बसणे झेपत नाही त्याच्यासाठी मुक्त विद्यापीठे आहेत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून काम करते. त्याची अभ्यासकेंद्रे तालुक्यांपर्यंत पोहोचलेली आहेत, पुस्तके मराठीत आहेत, आणि पदवीबरोबरच शेतीसारख्या विषयांतले प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची विभागीय केंद्रे मुंबई, पुणे आणि नागपूर येथे आहेत. तेथे तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. फक्त मुक्त शिक्षण निवडले तर मूल घरातच राहते, आणि महाविद्यालयाचा जो सामाजिक लाभ आपल्याला हवा होता तो सुटतो. म्हणून त्याच्या जोडीला गायनवर्ग, वाचनालयातील मदतनिसाचे काम किंवा अर्धवेळ प्रशिक्षण असे घराबाहेरचे काहीतरी ठरलेल्या वेळी असायलाच हवे.

तिसरी वाट हाताच्या कामाची. आयटीआयमध्ये शिवणकाम, सुतारकाम, वेल्डिंग असे काही व्यवसाय आठवी उत्तीर्णांना खुले असतात. राज्याच्या कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाचे सहा महिन्यांपासूनचे अभ्यासक्रम आहेत. संगणकाची आवड असेल तर एमएस-सीआयटी हा गावातही मिळणारा, चांगला पहिला प्रयोग आहे: नवा वर्ग, नवे शिक्षक, ठरलेली वेळ आणि शेवटी परीक्षा, म्हणजे महाविद्यालयाची छोटी रंगीत तालीमच. मुंबईत शीव येथील दिव्यांगांसाठीचे राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र व्यावसायिक मूल्यमापन आणि प्रशिक्षण देते. बौद्धिक अक्षमता क्षेत्रातील राष्ट्रीय संस्था एनआयईपीआयडी सिकंदराबादला आहे आणि तिचे प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. मूल्यमापनासाठी तेथे जाणे सोयीचे पडते. शिवडीची १९४४ पासूनची जय वकील संस्था, पुण्याची कामायनी, नाशिकची प्रबोधिनी यांसारख्या जुन्या संस्थांकडे प्रौढ विद्यार्थ्यांच्या व्यवसाय प्रशिक्षणाचा दीर्घ अनुभव आहे. प्रवेश तेथे घ्यायचा नसला तरी सल्ल्यासाठी जरूर जावे.

चौथा पर्याय कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेला नसतो. मध्यम अक्षमता असलेल्या तरुणाला परीक्षेविना महाविद्यालयाच्या वातावरणात सामावून घेणे, असे त्याचे स्वरूप आहे. विशेष शिक्षणाचा, समाजकार्याचा, गृहविज्ञानाचा किंवा मानसशास्त्राचा विभाग असलेल्या महाविद्यालयाशी विशेष शाळेने लेखी करार करावा. आठवड्यातून दोन-तीन दिवस ठरावीक तासांना बसणे, ग्रंथालयात किंवा उपाहारगृहात काम शिकणे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या उपक्रमांत आणि स्नेहसंमेलनात भाग घेणे, आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे दोन सोबती विद्यार्थी, असा आराखडा मांडला तर प्राचार्यांना विचार करायला काहीतरी हाती मिळते. याने पदवी मिळत नाही हे पालकांना आणि विद्यार्थ्याला आधीच स्वच्छ सांगावे.

महाविद्यालयाशी बोलताना

प्रवेश मिळेपर्यंत अक्षमता लपवावी, असा सल्ला काही हितचिंतक देतात. तो मानू नये. सवलती मागायच्या तर प्रमाणपत्र द्यावेच लागते, आणि शिक्षकांना उशिरा कळले तर मधल्या काळात मुलावर आळशी किंवा उद्धट असा शिक्का बसलेला असतो. अर्ज भरण्याआधीच, गर्दीचा हंगाम नसताना, प्राचार्यांची आणि समान संधी कक्षाच्या प्रमुखांची भेट घ्यावी. महाविद्यालय निवडताना नावापेक्षा अंतर, वर्गाचा आकार, आणि कार्यालयातली माणसे मुलाशी थेट बोलतात की पालकांकडेच पाहून बोलतात, हे बघावे.

भेटीला जाताना एका पानाचे परिचयपत्र न्यावे. त्यात रोगाचे वर्णन नको, माणसाचे हवे. उदाहरणार्थ : ‘माझे वय १९ आहे. मला सौम्य बौद्धिक अक्षमता आहे. मी मराठी वाचते, पण वेगाने सांगितलेले लिहून घ्यायला मला जमत नाही. सूचना एका वेळी एक दिली तर मी ती पूर्ण करते. फळ्यावरच्या मजकुराचा फोटो काढू दिला तर माझी मदत होते. गोंधळ वाढला की मी दोन मिनिटे वर्गाबाहेर जाऊन परत येते. मला स्वयंपाक आणि गाणी आवडतात. अडचण आली तर आधी मला विचारा. मला सांगता आले नाही तर माझ्या आईला फोन करा.’ हे पत्र विद्यार्थिनीने स्वतः, लागेल ती मदत घेऊन लिहावे आणि भेटीत स्वतः वाचून दाखवावे. ते ऐकल्यावर बैठकीचा सूर बदलतो, हे अनेकदा पाहिले आहे.

मागण्या नेमक्या आणि लेखी असाव्यात : ध्वनिमुद्रणाची परवानगी, नोट्सची प्रत, एक ठरलेले मार्गदर्शक शिक्षक, ७५ टक्के उपस्थितीच्या अटीत उपचारांच्या दिवसांचा विचार, प्रकल्पासाठी वाढीव मुदत. कायदा याला वाजवी सोय म्हणतो, आणि ती देणे हा उपकार नाही. नकार मिळाला तर तोही लेखी मागावा. संस्थेच्या पातळीवर दाद लागली नाही तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे आणि कायद्याखालील राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. तोंडी वाद घालून काही साधत नाही. पोच घेतलेला अर्जच पुढे उपयोगी पडतो.

अभ्यास कसा सोपा करावा

पाठ्यपुस्तकाचे पान जसेच्या तसे पाठ करून घेणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. समजा गृहविज्ञानात अन्न टिकवण्याच्या पद्धती हा धडा आहे. विशेष शिक्षकाने त्यातल्या पाच पद्धती निवडाव्यात : वाळवणे, मीठ घालणे, साखर घालणे, थंड ठेवणे, उकळणे. प्रत्येकाचे एक कार्ड करावे. पुढच्या बाजूला चित्र आणि एक शब्द, मागच्या बाजूला एकच वाक्य : ‘पाणी निघून गेले की जंतू वाढत नाहीत.’ मग घरातले पापड, लोणचे, मुरांबा, फ्रिजमधले दूध आणि तापवलेले दूध टेबलावर मांडून विद्यार्थ्याने कार्डे जुळवावीत. जुळवताना त्याने कारण मोठ्याने सांगावे, आणि त्याचे सांगणे मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवावे. शेवटी त्याच वाक्यांवर जुन्या प्रश्नपत्रिकेतले दोन प्रश्न सोडवून घ्यावेत. एका धड्याला आठवडा लागला तरी हरकत नाही. पण दर रविवारी मागच्या सर्व धड्यांची कार्डे एकदा फिरवावीत, कारण या मुलांना समजायला जेवढा वेळ लागतो त्याहून समजलेले टिकवायला जास्त उजळणी लागते. इतिहासासारख्या विषयाला कालरेषेची लांब पट्टी, अर्थशास्त्राला घरचा जमाखर्च आणि बँकेचे पासबुक, असे त्या-त्या विषयाचे साहित्य करता येते.

परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळू शकतो. त्यासाठीचा अर्ज प्रमाणपत्रासह परीक्षेच्या बराच आधी द्यावा लागतो. लेखनिक परीक्षार्थ्यापेक्षा खालच्या इयत्तेचा असावा, असा साधारण दंडक आहे. लेखनिकाने उत्तर सांगायचे नसते. विद्यार्थ्याने सांगितलेले उतरवायचे असते. म्हणून ‘सांगून लिहवून घेणे’ हे वेगळे कौशल्य मानून निदान तीन महिने त्याचा सराव व्हावा. वर्षभर स्वतः लिहिणाऱ्या मुलाला ऐन परीक्षेत लेखनिक दिला तर तो गप्प बसतो. एखाद्या विषयात एटीकेटी लागली तर घरात त्याचा गवगवा करू नये. इतर मुलांनाही ती लागते.

सुरक्षितता आणि मैत्री

या विषयावर पालक कुजबुजत बोलतात, आणि म्हणूनच तो उघडपणे मांडायला हवा. स्वतःच्या शरीराचे अवयव, खासगी आणि सार्वजनिक जागा, होकार आणि नकार, हे मुलगा आणि मुलगी दोघांनाही स्पष्ट शब्दांत, चित्रांच्या मदतीने शिकवावे. उसने पैसे मागणारे, यूपीआयचा पिन विचारणारे, गंमत म्हणून व्हिडिओ काढणारे, यांच्याशी कसे वागायचे याची नाटुकली करून घ्यावीत. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात काय लिहू नये, हेही त्यातच येते. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, आणि राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १८००-१८०-५५२२ विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये असावा. त्याच वेळी भीतीपोटी मुलाला मित्रांबरोबर चहाला जाऊ न देणे हेही चूक आहे. प्रेमाची ओढ या वयात त्यांनाही वाटते. तिची थट्टा करू नये, रागावू नये, बोलावे.

खर्च

अकरावीपासून पुढे मॅट्रिकोत्तर दिव्यांग शिष्यवृत्ती आहे. केंद्राची योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर, तर राज्याची महाडीबीटीवर असते. केंद्राच्या योजनेत किमान ४० टक्के दिव्यांगत्व आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची २.५ लाख रुपयांची मर्यादा आहे. बँक खाते विद्यार्थ्याच्या नावावर आणि आधारशी जोडलेले लागते. राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते आणि तिच्यात नियमित उपचारांचाही खर्च धरला जातो.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांसाठी

तेथील व्यवस्था वेगळी आहे. २००८ च्या उच्च शिक्षण कायद्याने बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयांत खास संक्रमण अभ्यासक्रमांना मान्यता दिली. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला शालान्त पदविका नसली तरी पेल अनुदान आणि काम-शिक्षण साहाय्य मिळू शकते. संघीय कर्ज मात्र मिळत नाही. नागरिक किंवा कायम रहिवासी असणे ही अट आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थिंक कॉलेज हा प्रकल्प अशा अभ्यासक्रमांची राज्यवार सूची ठेवतो. शाळेच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात वयाच्या १६ व्या वर्षापर्यंत संक्रमणाची उद्दिष्टे लिहिली जातातच. त्यांत महाविद्यालयाचा उल्लेख आग्रहाने करून घ्यावा. भारतात अशी स्वतंत्र चौकट नाही, आणि पालक संघटनांनी विद्यापीठांकडे मागणी करताना तिचा नमुना म्हणून उपयोग करावा.

शिक्षणातून कामाकडे

शेवटच्या वर्षाची वाट न पाहता दुसऱ्याच सहामाहीत आठवड्यातून काही तास प्रत्यक्ष कामाचा अनुभव सुरू करावा : ग्रंथालयात पुस्तके लावणे, झेरॉक्सच्या दुकानात प्रती जुळवणे, रोपवाटिकेत पिशव्या भरणे, पाळणाघरात मदत करणे. काम कोणतेही असो, त्याचे छोटे टप्पे पाडून चित्रांची यादी भिंतीवर लावावी आणि सुरुवातीला विशेष शिक्षकाने सोबत उभे राहून हळूहळू मागे हटावे. हे बिनपगारी काम अनंत काळ चालू देऊ नये. तीन-चार महिन्यांत मालकाशी मोबदल्याचे बोलणे व्हायला हवे. मुंबईत जुहूचे कॅफे अर्पण प्रौढ विकासात्मक अक्षमता असलेल्या व्यक्ती चालवतात, आणि लेमन ट्री हॉटेल समूहाने डाउन सिंड्रोम असलेल्या तरुणांना नोकऱ्या दिल्या आहेत. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांच्या ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी एकत्रित आहे. जाहिरातीत पदाच्या पात्रतेची अट वाचून अर्ज करावा, आणि त्यासाठी दहावीचे खरे प्रमाणपत्र हाती असावे लागते.

प्रत्येक सहामाहीच्या शेवटी विद्यार्थी, पालक, मार्गदर्शक शिक्षक आणि विशेष शिक्षक यांनी पुन्हा एकत्र बसावे. गुणपत्रिका शेवटी पाहावी. आधी विद्यार्थ्याला विचारावे : सकाळी उठून जावेसे वाटते का, कोणाशी बोलतोस, कोणता तास नकोसा वाटतो, काय नवीन जमायला लागले. झोप उडाली असेल, वजन घटले असेल, रोज रडू येत असेल तर विषय कमी करावेत, एक सत्र विश्रांती घ्यावी किंवा मार्ग बदलून प्रमाणपत्र अभ्यासक्रमाकडे वळावे. मार्ग बदलण्याचा निर्णय घेतला तर त्याच बैठकीत पुढचे ठिकाण, तिथे जाण्याचा दिवस आणि सोबत कोण येणार हे ठरवावे, आणि जमा झालेली श्रेयांके, गुणपत्रिका आणि बोनाफाईड यांच्या प्रती त्याच आठवड्यात महाविद्यालयातून घेऊन ठेवाव्यात.